सर नसलेलं वर्तुळ

सरांना या परक्या देशात येऊन सव्वीस वर्षं झाली होती. त्यांतली चौदा मुलांच्या एका केंद्राच्या याच हॉलमध्ये गेली. कशामुळे काय होतं आणि ते फिरून आपल्याच अंगावर कसं येतं, हे फळ्यावर बाण काढून शिकवणं हा त्यांचा जीव की प्राण विषय. पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्यांच्याकडे पुढारपण शिकायला येत.

आज केंद्राच्या संचालकबाई वर्ग बघायला येणार होत्या. "पोरं स्वतः सभा चालवतात का, एवढंच बघेन. नसतील चालवत, तर पुढच्या वर्षी हा वर्ग बंद," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"अहो, आज जरा तोंडाला कुलूप लावा," निघताना बायको म्हणाली.

"मी कुठे बोल—"

"तेच ते!"

बाई यायच्या आधी सरांनी तालीम घेतली. विषय पोरांनीच निवडलेला : आपल्या सभेत कुणी बोलत का नाही? फळ्यावर वर्तुळ झालं. लाज वाटते म्हणून गप्प, गप्प राहून आणखी लाज.

"बरोबर ना? बरोबरच आहे," सरांनी विचारलं आणि सरांनीच सांगून टाकलं.

सारखे प्रश्न विचारते म्हणून जिला सगळे शंकाबाई म्हणत, ती उठली. "सर, यात एक माणूस राहिलाय."

तिनं खडू घेतला. आम्ही गप्प. मग सरांना वाटतं, यांना येत नाही. मग सर सांगतात. मग आम्ही कशाला बोलू? चौथा बाण पहिल्याला जाऊन भिडला.

हॉलमध्ये खसखस पिकली. सरांचे कान तापले.

"अगं, मी मदत करतो."

"हो ना सर. भरपूर करता."

सर खुर्चीत टेकले. "मी इथे नवा होतो, तेव्हा माझे उच्चार कुणाला कळायचे नाहीत. मी बोललो की वर्ग असा गार पडायचा. मग तेच पुन्हा सांगायचं, तिसऱ्यांदा सांगायचं. अजूनही कुणी गप्प बसलं की मी तेच पुन्हा सांगायला लागतो. वाटतं, माझं कळलंच नाही."

कुणी हसलं नाही. मग सभा चालवणारा उंच मुलगा हळूच म्हणाला, "कळतं, सर. आम्हीच जरा सावकाश आहोत."

बाई आल्या, मागे बसल्या. उंच मुलानं प्रश्न मांडला, "सांगा, काय बदलायचं?"

कुणी बोलेना. शांतता भरत गेली, घागर भरावी तशी, काठोकाठ. बाईंचं पेन वहीवर काहीतरी खरडू लागलं. उत्तर सरांच्या जिभेच्या टोकावर होतं, एका वाक्याचं काम. चौदा वर्षं डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती. सरांनी खुर्चीचा हात गच्च धरला आणि ओठ मिटून घेतले.

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. प्रवेश घेतल्यापासून एक शब्द न बोललेली मुलगी म्हणत होती, "मला वाटतं, आधी छोट्या गटात बोलावं."

"आणि गट रोज तेच?" कुणी तरी अडवलं.

"छे! मग तेच दोघं बोलतील!"

बघता बघता हॉल तापला. बाई सरांकडे वळल्या, "सर, हे गट तुम्ही कसे—"

सरांनी नुसता पोरांकडे हात केला.

"बाई, हात वर करा," उंच मुलगा म्हणाला. "तुमच्या आधी तिघांचा नंबर आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.