राहून गेलेला पहिला ठोका

मी एक जुना ड्रम आहे. बँडमध्ये सगळ्यात मोठा असतो, पोटावर आडवा बांधून दोन्ही बाजूंनी बडवतात, तो. मित्रांनो, कणकवलीच्या एका कॉलेजात गेलात तर दारातून आत शिरताच डाव्या हाताला काचेचे कपाट दिसेल. त्यात मी बसलो आहे. खाली पितळी पाटी आहे: 'ग्रीस देशातील अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाट्यगृहात दुमदुमलेला आपला ड्रम.' पाटी रोज पुसतात. तिच्यातला एक शब्द खोटा आहे. तो कोणता, हे सांगायला आज मी बोलतो आहे, कारण ज्यांनी बोलायला हवे होते ते सत्काराचे नारळ घेऊन कधीच घरी गेले.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीत झाला. लाकडाची पातळ फळी वाफेवर वाकवून माझे गोल अंग केले, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे चामडे ताणले आणि दोरीने आवळले. गोणपाटात गुंडाळलेला मी ट्रकने घाट उतरून कणकवलीला आलो, त्याला आता पस्तीस वर्षे झाली. प्रजासत्ताक दिनाचे संचलन, क्रीडामहोत्सव, पाहुण्यांचे स्वागत अशी माझी कामे. जानेवारीत मी खणखणीत वाजायचो. पंधरा ऑगस्टला मात्र कोकणच्या ओलीने माझे चामडे असे सैल पडायचे की ओल्या गोणीवर काठी मारावी तसा आवाज निघायचा. मुले हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

अशा वेळी कॉलेज धोंडूला बोलावणे धाडायचे.

धोंडू धामापूरच्या पुढच्या एका वाडीत राहतो. त्याच्या वाडीच्या देवळातला ढोल वाजवण्याचे काम त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि चामडे चढवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. तो यायचा, गवताचा जाळ करायचा, मला हातभर अंतरावर धरून हळूहळू फिरवायचा आणि बोटाने टिचकी मारून डावा कान लावायचा. उजवा कान ढोलापायी केव्हाच गेला होता. ऐकून मान हलवली की समजायचे, ड्रम तयार.

या माणसाची वाजवायची जागा देवळाच्या खालच्या पायरीशी. त्याचा बापही तिथेच उभा राहायचा आणि आजाही. ढोलाचा आवाज गाभाऱ्यापर्यंत जायचा, धोंडू पायरीपर्यंत. चाळीस वर्षांत 'धोंडू, आज बरा वाजवलास' असे त्याला कोणी म्हटले नाही. एखादा ठोका चुकला तर मात्र सगळ्या माना वळायच्या. हे मला त्याची मुलगी सलोनी हिच्याकडून कळले. ती कॉलेजात आली आणि पहिल्याच आठवड्यात मला उचलायला पुढे झाली.

बँड बसवणारे दीपेश सर हसले होते. मुलगी आणि मोठा ड्रम, हे त्यांना पटेना. सलोनीने पट्टा खांद्यात अडकवला, मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि एकही ठोका मागेपुढे झाला नाही. त्या दिवसापासून मी तिचा झालो. चार वर्षे मी तिच्या पोटावर होतो. तिचा श्वास कधी चुकतो आणि कधी तिला हसू येते, हे सगळे मला आधी कळायचे.

तिच्या शेवटच्या वर्षी पत्र आले. ग्रीस देशात डोंगराच्या उतारावर एक जुने दगडी नाट्यगृह आहे. जगभरातल्या कॉलेजांचे बँड तिथे दर उन्हाळ्यात वाजवतात, आणि त्या वर्षी आम्हाला बोलावणे होते. कॉलेजभर आनंदीआनंद झाला. सलोनीने घरी सांगितले तेव्हा धोंडूने म्हणे एकच विचारले, बँडात ड्रम कुठे उभा राहतो. मध्यभागी आणि सगळ्यांसमोर, असे तिने सांगितले.

आणि निघायच्या सहा दिवस आधी सरावात माझे उजवे तोंड फाटले. उजवे तोंड म्हणजे मोठ्या काठीचा मार झेलणारे, माझा खरा आवाज तिथलाच. धोंडू धावत आला. घरच्या ढोलासाठी कमावून ठेवलेले चामडे त्याने मला दिले. दोन दिवस तो ओल्या चामड्यापाशी बसून होता. सावलीत वाळव, दोरी आवळ, पुन्हा सैल कर. तसे चामडे मला जन्मात मिळाले नव्हते, मेरठमध्येही नाही.

आता त्यांच्याकडची एक रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. नव्या चामड्याचा पहिला ठोका देवीचा असतो. तो देवळासमोर, गाऱ्हाणे घालून म्हणजे देवीपुढे मागणे मांडूनच पडायचा, त्याआधी चामड्याला काठी लावायची नाही. पण धोंडूच्या मनात दुसरेच होते. तो मला खांद्यावरून देवळात घेऊन गेला आणि गुरवाला गाऱ्हाणे घालायला सांगितले. गुरवाने नारळ हातात घेऊन म्हटले, "बा देवी म्हाराजा, ह्या नव्या चामड्याचो पयलो ठोको तुझो. तो आमच्या सलोनीच्या हातान परमुलखात पडतलो. तो गोड मानून घे. ठोको पडल्याची खबर इली की तुझो नारळ तुका पावतलो."

"व्हय म्हाराजा," जमलेली माणसे म्हणाली. धोंडूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग सलोनीने सरांना विनंती केली, की उरलेला सराव डाव्या, जुन्या तोंडावर करू दे. सरांनी लगेच होकार दिला. एरवी प्रत्येक ठोक्यासाठी भांडणारे सर इतक्या सहज कसे तयार झाले, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. नंतर वाटले नाही.

विमानात मी सामानाबरोबर गेलो, त्याबद्दल न बोललेले बरे. नाट्यगृह मात्र पाहावे असेच होते. डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचा मोठा अर्धगोल, आणि तळाशी वाजवणाऱ्यांसाठी गोल अंगण. तिथल्या वाटाड्याने मधोमध एक नाणे टाकले, तर सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेल्या मुलांनी हात वर केले, त्यांना ते ऐकू गेले होते. सलोनीने माझ्या दोऱ्या आवळल्या. तिथली हवा कोरडी होती आणि माझे चामडे तापलेल्या तव्यासारखे तयार होते. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी इतका सुरात कधी नव्हतो.

तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई कागद घेऊन आल्या. तिथल्या देखरेखीचे काम त्यांच्याकडे होते. त्या नम्रपणे सरांशी बोलल्या. वरच्या काही पायऱ्यांचे दगड सुटले आहेत, दुरुस्ती चालू आहे, म्हणून यंदा मोठा ड्रम वाजवायला मनाई आहे. बाकीची वाद्ये चालतील. वाजवलाच तर कार्यक्रम तिथेच थांबवावा लागेल. तसे पत्र त्यांनी चार महिन्यांपूर्वीच पाठवले होते, आणि त्या पत्राला आलेले उत्तरही त्यांच्या हातात होते. खाली दीपेश सरांची सही होती.

सलोनीने ती सही पाहिली. तिने विचारले, "सर, तुमका म्हायत होता?"

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "ड्रमाशिवाय बँड बँडासारखो दिसता काय? म्हटलंय, थंय गेल्यार बघूया."

थंय गेल्यार बघूया! आमच्याकडची निम्मी कामे 'तिथे गेल्यावर बघू' अशा या तीन शब्दांवर चालतात आणि निम्मी त्यांच्यापायीच बुडतात. सरांचा तोडगाही तयार होता. मला पोटावर बांधायचे, काठी नेहमीसारखी फिरवायची, फक्त चामड्याला लावायची नाही. फोटोत काही कळत नाही, असे त्यांनी समजावले. अठरा मुले इतक्या लांब आली आहेत, तुझ्या एका ठोक्यासाठी सगळ्यांचे वाटोळे करू नकोस, असेही ते म्हणाले.

सलोनी उभी राहिली, मध्यभागी आणि सगळ्यांसमोर. कॉर्नेट वाजली, ट्रम्पेट वाजले, लहान ड्रमही कापड टाकून का होईना वाजले, आणि त्यांचा सूर पायरी पायरी चढत वरपर्यंत गेला. मला मात्र फक्त वारा लागत होता. काठी यायची, चामड्यापासून बोटभर अंतरावर थांबायची आणि परत जायची. त्या अंगणात नाण्याला आवाज होता. धोंडूच्या चामड्याला नव्हता.

सरांनी बसवलेल्या चालीच्या शेवटी एक जागा आहे. तिथे सगळी वाद्ये थांबतात आणि मी एकटा वाजतो, एकच ठोका. मग सगळे पुन्हा उसळून उठतात. ती जागा आली. सगळे थांबले. सलोनीचा हात खांद्याच्या वर गेला आणि तिने श्वास रोखला. ती आता मारणार, हे मला कळले. मी अंग ताणून वाट बघत होतो. खरे सांगतो, तेव्हा मला त्या दगडांची पर्वा नव्हती.

तिने उजवीकडे पाहिले. कॉर्नेट तोंडाला लावून आकांक्षा उभी होती, तिची वर्गातली मैत्रीण, आणि ती मानेने नाही नाही म्हणत होती. सलोनीचा हात खाली आला. चामड्याला न लागता आला.

त्या शांततेवर लोक खूश झाले. वरच्या पायरीवरचा एक म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवत होता. इतक्या ताकदीचा ड्रम आणि इतका संयम, असे त्याने नंतर सरांना सांगितले, आणि सरांनी मान लववून ते स्वीकारले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवून ढेकर देणारेही निघाले.

संध्याकाळी बसमध्ये मी सलोनीच्या शेजारच्या सीटवर होतो. धोंडूचा फोन आला. एकच कान असल्याने तो मोठ्याने बोलतो, म्हणून मलाही ऐकू आले.

"कसो वाजलो?"

सलोनी खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बरो वाजलो, बाबा."

"डोंगरार आवाज गेलो?"

"गेलो."

तिकडून हसण्याचा आवाज आला. धोंडूला हसताना मी पहिल्यांदाच ऐकले. सलोनीने फोन ठेवला आणि माझ्या अंगावर डोके टेकले. मी तिला दोष देत नाही. त्या हसण्यानंतर खरे सांगणे मलाही जमले नसते.

परत आलो तेव्हा स्टेशनवर हार, गुलाल आणि बॅनर. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, काठी बोटभर अंतरावर असलेला. कॉलेजने चित्रफीत दाखवली, तिच्यात माझा आवाज होता! दुसऱ्याच कुठल्या ड्रमचा ठोका आणून त्यात बसवला होता. सरांनी सलोनीला बाजूला घेऊन सांगितले, की हा कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे, आता गप्प राहणेच शहाणपणाचे.

सत्काराला धोंडू आला. धुतलेला सदरा घालून तो शेवटच्या रांगेत बसला. पुढे बसा असे त्याला कोणी म्हटले नाही आणि त्यालाही ते सुचले नाही. भाषणे संपल्यावर लोक चहाकडे वळले, तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि माझ्या उजव्या तोंडावर त्याने अंगठा फिरवला.

मित्रांनो, काठीच्या टोकाला लोकरीचा गोळा असतो. तो एकदा जरी जोरात बसला तरी नवे चामडे तिथे दबते आणि तेवढी जागा गुळगुळीत होते. तुम्हाआम्हाला दिसत नाही, चामडे चढवणाऱ्याच्या अंगठ्याला कळते. धोंडूचा अंगठा मधोमध आला आणि थांबला. पुन्हा कडेपासून फिरला आणि पुन्हा तिथेच थांबला.

सलोनी मागे उभी होती. तो वळला नाही. म्हणाला, "ह्येका काठी लागाक नाय."

ती रडू लागली. मग तिने सगळे सांगितले. त्याने डावा कान तिच्याकडे करून शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"माका तरी सांगूचा होता गो," तो म्हणाला. "न पडलेल्या ठोक्याचो नारळ फोडलंय मी देवीसमोर."

तो सरांवर ओरडला नाही. त्याने फक्त एक मागितले. मला एक दिवस वाडीत न्यायचे, पायरीशी उभे राहून सलोनीच्या हाताने पहिला ठोका पाडायचा आणि संध्याकाळी मला परत आणून द्यायचे. सर म्हणाले, वर विचारतो. वर विचारले, तर उत्तर आले की ड्रम आता संस्थेचा ठेवा आहे, त्याला बाहेर काढता येणार नाही आणि वाजवता तर मुळीच येणार नाही, इजा होईल. आठवड्याभरात काचेचे कपाट आले. इतकी वर्षे गळक्या खोलीत मी बुरशी खात पडलो होतो, तेव्हा माझ्या इजेची कोणाला आठवण नव्हती.

या गोष्टीला दोन वर्षे झाली. सलोनी आता कुडाळला एका दुकानात नोकरी करते. ती एकदा आली होती. काचेवर हात ठेवून उभी राहिली आणि पाटी न वाचताच गेली. धोंडूने चामडे चढवणे सोडले. पायरीशी अजून उभा राहतो, पण आता त्याचा डावा कानही जात चालला आहे, असे ती शिपायाला सांगत होती.

मित्रांनो, तुम्ही मला बघायला येता, काचेवर बोटे टेकवता, 'हाच तो ड्रम' म्हणता. मला काचेने जपू नका. वाद्य ठोक्याने झिजते हे खरे, पण न वाजता ते मरते. काचेआड मी पावसाळ्यात सैल पडतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि एक दिवस कोणी हात न लावताच फाटेन. तेव्हा नवीन पाटी लावाल.

त्याच्या आधी कोणीतरी हे कुलूप काढा. मला त्या पायरीशी घेऊन चला आणि सलोनीला बोलवा. देवी थांबेल, तिला घाई नाही. धोंडूच्या कानाला घाई आहे.