शेवटी निघेल त्यानं मेन बंद करायचा

जावयाने ती खोकी घरात आणली तेव्हा म्हाताऱ्याला आधी वाटलं, नवा फ्रिज आला असेल. मग लोखंडी मांडणी आली, तिच्यावर काळे डबे चढले, डब्यांच्या मागून वायरींचा गुंता निघाला, आणि सगळ्याला एकदम घरघर सुटली.

"हा आपला घरचा सर्व्हर, बाबा," जावई म्हणाला. "आता आपलं सगळं याच्यात राहील."

"आपलं सगळं म्हणजे काय?"

"फोटो, कागदपत्रं, सिनेमे. शिवाय घरातल्या दिव्यांचा कारभार."

"दिव्यांचा कसला कारभार? बटण दाबलं की लागतो."

जावई हसला. लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसा. म्हाताऱ्याने त्या दिवसापासून डब्यांना साहेब म्हणायला सुरुवात केली.

म्हातारा इस्त्रीवाला. रस्त्याकडच्या खोलीत त्याचं टेबल होतं, टेबलामागे खिडकी, आणि खिडकीच्या फळीवर गिऱ्हाईक कपड्यांचे गठ्ठे ठेवून जायचं. तो इस्त्री मारायचा आणि बायको आतल्या खोलीत बसून घड्या घालायची, कोणाचं काय ते लावून ठेवायची. आतली खोली बिनउन्हाची, पण उन्हाळ्यात तिथेही जीव नकोसा व्हायचा. पंखा होता. तो ती लावायची नाही, कारण वाऱ्याने घड्या उलगडतात. सगळा जन्म तिने त्या खोलीत पदराने वारा घेत काढला, आणि एका हिवाळ्यात चार दिवसांच्या तापात गेली.

ती गेल्यावर लेक आणि जावई भाड्याची जागा सोडून इकडे राहायला आले. बाबांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून. आले ते आले, आतली खोली साहेबांना मिळाली. साहेबांना गरम होतं, म्हणून तिथे एसी बसला. तो दिवसरात्र चालायचा. दार जरा उघडं राहिलं तर जावई ओरडायचा, गारवा जातो म्हणून.

म्हातारा त्या दारावरून जाताना एकदा तरी थांबायचा. खालच्या फटीतून पायाला थंड वारा लागायचा. बायकोच्या नशिबात जो नव्हता तो या डब्यांना फुकट मिळतोय, आणि डबे त्याचं करतात काय, तर घरघर.

बरं, साहेबांचं काम तरी काय? मोरीतला दिवा लावायचा तर आता तो आधी साहेबांना विचारायचा आणि मग लागायचा. पाय घसरायची वेळ आली तरी दिवा विचारातच. जावयाने कधी न बघितलेले सिनेमे साहेबांनी जपून ठेवले होते. घरात किती गरम होतंय हे साहेब दर थोड्या वेळाने मोजायचे आणि जावयाच्या फोनवर कळवायचे. जावई घामाने भिजलेल्या कपाळाने ते वाचायचा आणि म्हणायचा, "आज बराच उकाडा आहे."

"साहेबांनी सांगितलं म्हणून बरं झालं," म्हातारा म्हणायचा. "नाहीतर आपल्याला कळलं नसतं."

दाराचं कुलूपही साहेबांच्या हाताखाली गेलं. फोन दाखवला की उघडायचं. चावी होती, पण ती जावयाने कपाटात सुरक्षित ठेवली होती. घराच्या आत.

हे सगळं म्हाताऱ्याने चालवून घेतलं असतं. पण साहेब, गिझर आणि इस्त्री एकदम चालले की वीज जायला लागली. फट् करून सगळं अंधारात, आणि जावई "अरे देवा" करत आतल्या खोलीकडे धावायचा. मग त्याने घरातल्या एकेका वस्तूला मोजणारा प्लग लावला. कोण किती वीज खातं ते फोनवर दिसायला लागलं. दिव्यांची, मिक्सरची, इस्त्रीची, सगळ्यांची झाडाझडती झाली. साहेबांना प्लग लावला नव्हता.

"बाबा, आपल्या घरात सगळ्यात जास्त वीज इस्त्री खाते," जावयाने एक दिवस जेवताना जाहीर केलं.

"खाते. काम करते म्हणून खाते. तुमचे साहेब झोपेतही खातात."

"ते झोपत नाहीत, बाबा. तोच तर मुद्दा आहे. सर्व्हर बंद पडून चालत नाही."

"का? कोण येऊन थांबलंय त्यांच्यासाठी? माझ्या खिडकीवर माणसं थांबतात."

लेक भाकरीकडे बघत म्हणाली, "दोघंही जेवा."

"मी काय म्हणतो," जावयाने आवाज मऊ केला, "आता बस करा ना इस्त्री. या वयात कशाला? आम्ही आहोत की."

म्हाताऱ्याचा घास तोंडातच राहिला. त्या टेबलाशी उभा असला की त्याचं बरं चालायचं. हाताला वजन असायचं, नाकात ओल्या सुती कापडाची वाफ, आणि घडी घालायला कोणी नाही हे थोडा वेळ विसरायला व्हायचं. टेबल गेलं तर दिवसभर बसायचं कुठे आणि कोणाकडे बघत, हे जावयाच्या डब्यांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

"आम्ही आहोत की," तो म्हणाला. "बरोबर. तुम्ही आणि साहेब."

शेवटी ठरलं असं, की दुपारी, साहेबांचा एसी जोरात असताना, इस्त्री लावायची नाही. आणि आणखी एक ठरलं. मेन स्विचच्या डबीवर जावयाने लाल चिकटपट्टी मारली आणि वर लिहिलं, हात लावू नये.

हे मात्र म्हाताऱ्याला फार लागलं. इस्त्रीवाल्याच्या घराचा एकच कायदा असतो. घराबाहेर पडताना शेवटी निघेल त्यानं मेन बंद करायचा. इस्त्री चालू राहिली तर कपडे जळतात, कपड्यांपाठोपाठ घर. त्याची इस्त्री जुनी, जड, आपोआप बंद होणाऱ्यातली नव्हे. बायको शेवटी निघायची. दार ओढायच्या आधी तिचा हात वर जायचा, खटका खाली यायचा, आणि मगच चप्पल. तिला घरातून नेलं त्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर म्हातारा पायरीवरून परत फिरला होता. लोकांना वाटलं, याला सुधरत नाहीये. तो मेन बंद करायला गेला होता.

आणि आता त्यावर पट्टी. हात लावू नये म्हणे.

त्या रविवारी म्हाताऱ्याच्या मेहुण्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. सगळ्यांना जायचं होतं. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा जावई सदरा हातात घेऊन रस्त्याकडच्या खोलीत आला.

"बाबा, जरा एक हात फिरवता का? चुरगळलाय."

"वीज फार खाते हो ती."

"बाबा."

"साहेबांना सांगा की. त्यांना सगळं येतं."

पण हात पुढे गेलाच. गिऱ्हाइकाचा एक अभ्रा टेबलावर तसाच ठेवून म्हाताऱ्याने सदरा पसरला, पाणी शिंपडलं, कॉलर आधी, मग बाह्या. तोंड चालूच होतं. साहेबांना घरी एकटं सोडवतं का, त्यांच्याजवळ कोणाला बसवायचं का. जावई दारात उभा राहून उत्तरं देत होता, आणि तोही काही कमी नव्हता. तुमच्या काळी वीज जात नव्हती का, तेव्हाही अशीच कुरकुर करायचात का, असं काहीसं म्हणाला. म्हाताऱ्याने सदरा त्याच्या अंगावर टाकला, खोलीचं दार ओढलं आणि तरातरा गाडीत जाऊन बसला.

लेक आत तयार होत होती. दोघं गाडीत बसून तिची वाट बघत राहिले. जावयाचा फोन एकदा वाजला. त्याने बघितलं न बघितलं, बोटाने बाजूला सारलं.

"काय म्हणतायत साहेब?"

"काही नाही. येतच असतात."

मग लेक आली, दार ओढून घेतलं, गाडी निघाली.

दुकानाच्या गर्दीत जावयाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आधी फोन म्हणाला, वीज गेली, सर्व्हर बॅटरीवर आहे. थोड्या वेळाने म्हणाला, घर उत्तर देत नाही. जावई नारिंगी सरबताचा पेला हातात धरून कोपऱ्यात उभा, जसं घरी कोणी अत्यवस्थ आहे. मेहुणा नवी शोकेस दाखवत होता. जावई "वा, वा" म्हणत फोनकडे बघत होता.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही मेन बंद केलात?"

"मी तुमच्याआधी गाडीत होतो. गाडीतून हात पोचतो का माझा?"

"तुम्हाला ते डोळ्यांत खुपतं, हे मला माहीत आहे."

"खुपतं. म्हणून पट्टी फाडायला मी चोरासारखा जाईन? माझ्याच घरात?"

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती, पण त्यांच्या घरात लागायला दिवा नव्हता. जावयाने कुलपाला फोन दाखवला. कुलूप गप्प. परत दाखवला, पुसून दाखवला.

"विचारतंय वाटतं साहेबांना," म्हातारा म्हणाला.

"चावी कुठे आहे?" लेकीने विचारलं.

जावयाने बंद दाराकडे बघितलं.

म्हाताऱ्याने मग इस्त्रीची खिडकी बाहेरून ढकलली. तिची आतली खिटी कशी हलवायची ते फक्त त्याला आणि बायकोला माहीत होतं. फळीवर ढोपर ठेवून तो आत शिरला आणि टेबलावर उतरला. ताज्या इस्त्रीच्या सदऱ्यात जावई मागून सरपटायला लागला, आणि त्याच्या ओढाताणीकडे बघून म्हातारा आणखी काहीतरी म्हणणार होता.

तेवढ्यात वास आला.

अंधारात त्याने हात फिरवला. इस्त्री टेबलावर पालथी होती. गार. खाली अभ्रा तिला चिकटला होता. त्याने ती ओढून काढली तेव्हा कापड फाटल्याचा आवाज झाला. अभ्र्याला आरपार भोक होतं, इस्त्रीच्या आकाराचं, आणि त्याखाली टेबलावर अंथरलेलं ब्लँकेटही तपकिरी झालं होतं. बोट लावलं की भुगा.

जावई त्याच्या बाजूने आत उतरला, कशाकडे न बघता आतल्या खोलीकडे पळाला. लेक शेवटी आली. तिने आत येऊन मेन वर केला. रस्त्याकडच्या खोलीतला दिवा लागला, आणि बापलेक त्या भोकाकडे बघत उभे राहिले.

"मेन मी बंद केला होता," लेक म्हणाली. "मला आत्ता बघितल्यावर कळलं. पट्टी लोंबतेय. निघताना आईसारखा हात वर गेला असणार."

म्हाताऱ्याने हातातली इस्त्री टेबलावर उभी ठेवली. बायको असती तर इस्त्री उभी केली असती. तो बोलण्याच्या नादात पालथीच टेकवायचा, ती जाता-येता उभी करायची, आणि त्याला वाटायचं हे आपलंच काम आपण करतोय.

आतून जावई हाक मारत आला. "सगळं शाबूत आहे. नशीब. पण बाबा, हे कोणी..." मग त्याला टेबल दिसलं.

"मोजणारा प्लग होता ना इस्त्रीला?" लेकीने त्याला विचारलं.

"हो."

"मग साहेबांनी कळवलं नाही तुला?"

जावयाने फोन काढला. बराच वेळ बोटाने वर सरकवत राहिला. खोलीतला उकाडा, फ्रिजचं दार, मोरीतला दिवा, परत उकाडा. त्याखाली होतं, इस्त्री बराच वेळ चालू आहे, बंद करू का? गाडीत बसला होता तेव्हाचं.

"हो म्हटलं असतं तर बंद झाली असती," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर आता ते समजूत काढणारं हसू नव्हतं.

"साहेब विचारतात," म्हातारा म्हणाला. "हिच्या आईनं कधी विचारलं नाही."

म्हणाला खरा, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता. जळलेला अभ्रा त्याच्याच हातात होता.

जावयाला आता म्हणता आलं असतं, बघा, म्हणून सांगत होतो, बंद करा इस्त्री. तो तोंड उघडणार हे लेकीला दिसलं असावं.

"टेबल इथेच राहील," ती म्हणाली. "आणि बाबा, घरात कोणी नसताना इस्त्री लावायची नाही. मी असेन तेव्हा. घड्या मी घालीन." मग नवऱ्याकडे वळली. "आणि ती पट्टी काढून टाक."

"अगं, पण सर्व्हर एकदम बंद झाला तर..."

"तर निघायच्या आधी नीट बंद करत जा. आपण जातोय तेवढा वेळ कोणाला काय हवंय त्यातलं?"

जावयाने जाऊन लोंबणारी पट्टी ओढून काढली. हे बघून म्हाताऱ्याला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

पुढच्या वेळी तिघं बाहेर निघाले तेव्हा जावई आतल्या खोलीत एकेक डबा विझवत बसला होता. म्हातारा चप्पल घालून दारात.

"झोपले का साहेब?"

"दोन मिनिटं, बाबा."

"पाळण्यातलं पोर याच्या आधी झोपतं."

"तुमची इस्त्री बघितलीत?"

म्हाताऱ्याने बघितली होती. उभी होती, प्लग काढलेला होता, वायर गुंडाळलेली होती. तरी त्याने चप्पल काढली, परत आत गेला, इस्त्रीवर हात ठेवून आला.

लेकीने हात वर केला. खटका खाली आला. एसी थांबला, फ्रिज थांबला, आतल्या खोलीतली घरघर कधीच थांबली होती. बायको असताना निघायच्या वेळी घर असंच गप्प व्हायचं. म्हातारा क्षणभर ऐकत उभा राहिला. मग जावयाला म्हणाला, "चला आता. आणि चावी खिशात आहे ना, ते बघा."