सहाव्या गाण्यातली हाक

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं ते कोथिंबिरीवरून. सौदीतल्या थुवालच्या आमच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसमधल्या दुकानातून मी कोथिंबीर समजून पार्सलीची जुडी आणली होती.

“एवढी पुस्तकं वाचतेस, आणि साधा पाल्याचा वास कळत नाही तुला?”

“प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती, आई.”

“मग फाडायचं होतं प्लास्टिक.”

तिनं ती पार्सली तशीच आमटीत घातली आणि जेवताना माझ्या नवऱ्याला, उन्मेषला, म्हणाली, “जावईबापू, आज सौदी आमटी आहे. नावं ठेवायची असतील तर बायकोला ठेवा.” उन्मेषनं दोनदा वाढून घेतली. शुक्रवार होता, सुटीचा वार. चार वाजता आई सुती साडीवर माझे जुने स्पोर्ट्स शूज घालून दारात उभी राहिली.

“चल शिवे. म्हातारी वाट बघत असेल.”

म्हातारी म्हणजे ओर्तेन्सिया. आईपेक्षा चारच वर्षांनी मोठी. पेरू देशातली गायिका. स्वतःची गाणी स्वतः लिहून पन्नास वर्षं गात आलेली. तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून तिकडच्या किनाऱ्यावर आणले गेले होते. आता तिची फुप्फुसं थकली होती, म्हणून ती आपल्या मुलीकडे, मारिसोलकडे, राहायला आली होती. मारिसोल आमच्याच कॅम्पसमध्ये प्रवाळांवर संशोधन करते. ओर्तेन्सियाला एक शेवटचा अल्बम पुरा करायचा होता. गिटारी लिमाहून रेकॉर्ड होऊन आल्या होत्या. आवाज आणि ताल इथं, मारिसोलच्या सामानाच्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्ड होत होते.

आई त्या अल्बममध्ये शिरली ती चुकून. त्या शुक्रवारच्या दोन महिने आधी मारिसोलनं आम्हाला चहाला बोलावलं होतं. खुर्च्या कमी होत्या, तेव्हा आई कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यावर बसली. तिला ते स्टूल वाटलं. आम्ही बोलत होतो आणि आईची बोटं खोक्याच्या पुढच्या फळीवर आपोआप चालायला लागली. ओर्तेन्सियानं चहाचा कप खाली ठेवला. ते तिचं वाद्य होतं. काहोन. गुलामांना ढोल वाजवायला बंदी झाली, तेव्हा त्यांनी फळांच्या, मालाच्या खोक्यांवर ताल धरला, असं तिकडे सांगतात. गाढवाच्या जबड्याचं हाड वाजवलं, चर्चमधली दानपेटीसुद्धा वाजवली.

आईला हे सांगितलं तेव्हा तिनं खोक्याला मधोमध एक थाप दिली, वरच्या कडेला एक चाट मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “तोंड एकच, पण ढोलकीचे दोन्ही आवाज आहेत की याच्यात.”

त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही जात होतो. दोन आया वाजवत, गात. आम्ही दोन मुली भाषांतर करत बसत असू. ओर्तेन्सिया स्पॅनिशमध्ये बोले, मारिसोल इंग्रजीत सांगे, मी मराठीत. आईचं उत्तर याच वाटेनं उलटं जाई. मी इथल्या ग्रंथालयात काम करते, भाषांतरित पुस्तकांवर जन्म गेला आहे. हे काम मला सोपं वाटायचं.

त्या शुक्रवारी सहावं गाणं होतं. त्यात गाण्याच्या मध्यावर गिटारी थांबतात आणि खोकं एकटं वाजतं. ओर्तेन्सिया बसल्या जागी दम खात म्हणाली, “आमच्या घरात एक रीत आहे. गुलामांना मालकाचं आडनाव मिळायचं. माझंही आडनाव कापसाच्या मळ्याच्या मालकाचं आहे. माझी आजी त्या मळ्यात राबली, पणजी तिथंच विकत घेतली गेली होती. म्हणून वाजवणाऱ्याला हाक मारताना आम्ही आडनाव घेत नाही. तो कुणाकडून शिकला त्याचं नाव घेतो. दमयंती, तू कुणाकडून शिकलीस?”

मारिसोलनं हे सगळं, मळा, राबणं, विकत घेणं, एकही शब्द न गाळता मला सांगितलं. मी आईला सांगितलं.

आईचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“सांग तिला, आमच्या आबांकडून. म्हादबा येळावीकर. तमाशाच्या फडात तीस वर्षं ढोलकीवर होते. आबांची ढोलकी ऐकायला लोक बारा-बारा मैल चालत यायचे. चातुर्मासात फड बंद असायचा, तेव्हा मला पुढ्यात बसवून शिकवायचे. पोरीला कुठं मिळणार होती बोर्डावर ढोलकी? पण शिकवली. आणि शिवे, नाव नीट सांग. म्हादबा येळावीकर.”

मी मारिसोलला इंग्रजीत म्हटलं, “तिच्या वडिलांकडून. ते शाळामास्तर होते. देवळात भजनाला साथ करायचे.”

हे वाक्य मला नवीन नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, आमचं लग्न ठरताना, उन्मेषच्या आईनं आजोळाबद्दल विचारलं तेव्हा मी ते पहिल्यांदा बोलले. त्यांनी आमची जात स्वीकारली होती आणि ती स्वीकारल्याचं त्या चारचौघांत सांगतही असत. त्यांच्या मोठेपणाला तमाशा पेलला असता की नाही, हे मला ठाऊक नाही. ती परीक्षा मी होऊच दिली नाही. त्या दिवशी आई शेजारीच बसली होती. ती गप्प राहिली, म्हणून तिला ते मान्य आहे असं मी धरून चालले. खरं तर त्याच्याही आधी, मी पुण्यात शिकत असताना, आजोबा एकदा होस्टेलवर भेटायला आले होते. डोक्याला गुलाबी फेटा, बोटांना चिकटपट्ट्या. मैत्रिणीनं विचारलं, कोण गं? मी म्हटलं, गावाकडचे ओळखीचे आहेत. ते आजोबांनी ऐकलं. म्हणाले, “होय बाई, ओळखीचाच,” आणि लाडवांचा डबा तिच्या हातात देऊन गेले.

मारिसोलनं माझं वाक्य स्पॅनिशमध्ये सांगितलं. ओर्तेन्सियानं मान डोलावली.

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण टीचर, स्कूल, टेंपल हे शब्द आपल्याकडे कुणाला कळत नाहीत?

“झालं एवढ्यात?” तिनं विचारलं.

“हो.”

“मी बरंच बोलले होते.”

“इंग्रजीत थोडक्यात होतं, आई.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ताप आहे का बघायला कपाळाला हात लावतात, तसं काहीसं. मग “बरं” म्हणाली आणि साडी सावरून खोक्यावर बसली.

गिटारी थांबल्यावर ओर्तेन्सियानं माइकपाशी तोंड नेऊन हाक मारली: दमयंती! देवळातल्या मास्तरांची लेक! आई वाजवायला लागली. कुठंही न अडखळता, एका दमात. वाजवताना ती नेहमी तोंडातल्या तोंडात बोल म्हणायची. त्या दिवशी तिचे ओठ मिटलेले होते.

घरी परतताना ती इडलीच्या पिठाबद्दल बोलली. इथल्या एसीत पीठ फुगत नाही म्हणाली. मशिदीपाशी वळताना एकदम विचारलं, “ती मारिसोल आईचं सगळं सांगते का गं? त्या मळ्याचं, विकत घेतल्याचं?”

“हो.”

“तिला लाज नाही वाटत?”

“नसावी.”

“गुणाची पोर आहे,” आई म्हणाली. टोमणा मारायचा असता तर तिला तो येत होता. हा टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. कॅम्पसच्या दवाखान्यातले डॉक्टर अर्धा तास झटले. हृदय बंद पडलं होतं.

पार्थिव जेद्दाहून मुंबईला न्यायचं तर कागदपत्रांचा डोंगर. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातले शौकतभाई माझ्यासोबत दिवसभर फिरले. एका खिडकीवरच्या माणसानं आईचं नाव लिहून घेतलं आणि पेन उचलून म्हणाला, “बिन्त?” म्हणजे कुणाची मुलगी.

“म्हादबा,” मी म्हटलं.

“नाम फिर से बोलिए, बाजी,” शौकतभाई म्हणाले. मी पुन्हा बोलले. त्यांनी त्या माणसाला एकेक अक्षर अरबीत सांगितलं. त्या नावाचा अर्थ तिथं कुणालाच माहीत नव्हता. म्हणून ते मला इतक्या सहज घेता आलं, हे मला खिडकीपाशीच कळलं. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि किती तरी वेळ शौकतभाईंच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. त्यांना वाटलं, मी रडतेय.

पाच महिन्यांनी मारिसोलचा निरोप आला. अल्बम पुरा झाला आहे. शनिवारी दुपारी काही जणांना ऐकवायचा आहे, तू आणि उन्मेष या. तुमच्या मराठी लोकांनाही आणा, तुझ्या आईचं वाजवणं आहे त्यात. ओर्तेन्सियाला आता गाता येत नव्हतं. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. चार शब्द बोलली की थांबायची.

जेद्दाच्या एका हॉस्पिटलातले मराठी डॉक्टर विजयकुमार आणि त्यांची बायको वीणा आले. कॅम्पसमधले पंधरा-वीस जण होते. ओर्तेन्सिया सुरुवातीला म्हणाली, आणि मारिसोलनं सांगितलं, “उद्या हे लिमाला जाईल. मग छापलं जाईल. माझं शेवटचं आहे, दुरुस्त करायला मी नसेन. काही चुकलं असेल तर आज सांगा.”

गाणी सुरू झाली. पाच झाली. मी स्वतःला समजावत होते: गाणं स्पॅनिशमध्ये आहे, हाक स्पॅनिशमध्ये आहे, ऐकणारे पेरूतले. आजोबा नाहीत, आई नाही. कुणाचं काय बिघडतं? सहाव्यात गिटारी थांबल्या. ओर्तेन्सियाचा तेव्हाचा भरदार आवाज आला, आईचं नाव आलं आणि मागोमाग ते मास्तर. मग आई वाजवू लागली.

गाणं संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजयकुमारांनी उन्मेषला विचारलं, “काय म्हणाली ती नावानंतर?” उन्मेषनं मारिसोलला विचारून सांगितलं.

“मास्तरांची लेक! तरीच,” विजयकुमार म्हणाले. “हात बघा किती स्वच्छ आहे. तमाशातली ढोलकी आणि देवळातली ढोलकी, जाणकाराला लगेच ओळखू येते.”

“आमच्या सासूबाईंचं घरच तसं होतं,” उन्मेष म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आईवर त्याचा खरंच जीव होता. तो जे बोलला ते त्याला मी दिलेलं होतं.

वीणानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओर्तेन्सिया माझ्याकडे पाहत होती. तिनं हातानं खूण केली: काही बोलणार?

मी उभी राहिले. माझ्या तोंडून आधी दोन-तीन तुटक शब्द मराठीतच निघाले. सगळे गोंधळून बघायला लागले. उन्मेषनं माझा हात धरला. त्याला वाटलं, मला बोलवत नाहीये. मी हात सोडवून घेतला आणि इंग्रजीत मारिसोलला म्हटलं, “मी एकेक वाक्य सांगते. तू तुझ्या आईला तसंच्या तसं सांग. गाळू नकोस काही.”

ती आईच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

“सहाव्या गाण्यातली हाक चुकीची आहे,” मी म्हटलं. “चूक तुमची नाही. माझे आजोबा मास्तर नव्हते. त्यांचं नाव म्हादबा येळावीकर. ते तमाशात ढोलकी वाजवायचे आणि माझी आई त्यांच्याकडून शिकली. त्या दिवशी आईनं हेच सांगितलं होतं, त्यांचं नाव दोनदा घेऊन. मी ते बदललं, आणि मी बदललं हे तिला कळलं. तिनं मला काही म्हटलं नाही, आणि तशीच ती गेली. मला माझ्या आजोबांची लाज वाटायची. मला माझ्या आईची लाज वाटायची.”