लाल दोऱ्याची पट्टी

"मामा, तुम्ही समोरच्या खोलीत जा," भाचा म्हणाला. "विश्वविजेता हात बांधून घेत असताना आपला एक माणूस तिथं बसावा लागतो. नियमच आहे."

मामा बॅगेची चेन अर्धी उघडून उभे होते. आत पट्ट्यांच्या गुंडाळ्या होत्या, काल दुपारभर बसून घट्ट वळलेल्या.

"आणि तुझे हात?"

"माझे हे बांधतील."

'हे' म्हणजे दाढीवाला. बॉक्सिंगच्या जागतिक विजेतेपदाची लढत म्हणून आयोजकांनी त्याला विमानानं आणवलं होतं. आजवर सात विश्वविजेत्यांचे हात आपण बांधले, हे तो न विचारता सांगायचा आणि विचारलं तर पुन्हा सांगायचा. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्यानं तीन कात्र्या चढत्या भांजणीनं मांडल्या होत्या.

"तीन कात्र्या?" मामा म्हणाले. "हात बांधायचेत की अपेंडिक्स काढायचंय?"

कोणी हसलं नाही. व्यायामशाळेत याहून टाकाऊ विनोदांवर पोरं लोळायची.

मामा एकतीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि संध्याकाळी व्यायामशाळेत बॉक्सिंग खेळणाऱ्यांचे हात बांधायचे. बॉक्सिंगमधलं त्यांचं ज्ञान मनगटापाशी सुरू होऊन बोटांच्या टोकाशी संपायचं, पण तेवढ्या टापूत त्यांचा शब्द अखेरचा. उकळून वाळवलेली पट्टी वापरलेल्या पट्टीत मिसळू नये म्हणून ते तिच्या टोकाला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचे. ही दवाखान्यातली सवय. बहिणीचा हा मुलगा पहिल्यांदा व्यायामशाळेत आला, तेव्हा लाल दोरा दाखवल्याशिवाय हातच पुढे करायचा नाही. पुढे त्याला मिशा फुटल्या, पण दोरा बघायची खोड गेली नाही.

सकाळी बॅग भरताना मामी म्हणाल्या होत्या, "अहो, एवढी मोठी माणसं. तुम्हाला हात लावू देतील का?"

"हात त्यांचा नाही, माझ्या भाच्याचा आहे."

"बरं. डबा देते बरोबर. काम नसलं तरी भूक लागतेच."

लग्नाला चाळीस वर्षं झाली की बायकोला भविष्य कळू लागतं. मामांनी बॅग तशीच बाकावर ठेवली आणि ते समोरच्या खोलीकडे निघाले.

तिथं पंचांचा निरीक्षक होता. "बघायचं, बोलायचं नाही," त्यानं बजावलं. पहिल्यांदा सासरी आलेल्या जावयासारखे मामा खुर्चीच्या टोकावर टेकले. चूक मात्र काढायचीच, असं ठरवून आले होते. स्वतःच्या खोलीतला राग कुठंतरी उतरवायला हवा होता.

विश्वविजेता खुर्चीवर उलटा बसला होता, हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून. "बसा ना काका, नीट बसा," तो म्हणाला. इतका नम्र प्रतिस्पर्धी मामांना आवडला नाही. त्याचे हात बांधणारा माणूस हडकुळा, सत्तरीचा.

"बाबा, अंगठ्याला जरा सैल," विजेता म्हणाला.

बाबा! म्हणजे इथं बापच बांधत होता. त्यालाही आयोजकांनी कोणी दाढीवाला देऊ केला असेलच की. म्हाताऱ्यानं आयुष्यात एकाच विश्वविजेत्याचे हात बांधले होते आणि तो घरचा होता. मामांना बाकावर ठेवलेली आपली बॅग आठवली. त्यात कामही निर्दोष! एक सुरकुती नाही, एक वेढा वाकडा नाही.

उजवा हात होईपर्यंत विजेता गप्पा मारत होता. डावा सुरू झाला आणि तो छताकडे बघू लागला. म्हाताऱ्यानं मधल्या बोटाच्या सांध्यावर कापडाची जाड घडी ठेवली, तिच्या मधोमध बोटानं खळगा केला आणि ठेवता ठेवता हळूच फुंकर घातली. मूल गुडघ्यावर पडलं की घालतात तशी.

मामा सावरून बसले. "काही होत नाही हो" म्हणणारे हजारो दुखरे हात त्यांनी पाहिले होते. हा डावा हात आतून दुखावलेला होता. बांधणी नियमात होती, बोलायला जागा नव्हती. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. मामांना कळलंय, हे त्याला कळलं. मग निरीक्षकानं चिकटपट्टीवर सही केली.

परतताना मामांच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'त्याचा डावा दुखरा आहे, बिनधास्त आत घुस.' या एका वाक्यात विश्वविजेतेपद होतं आणि ते दाढीवाल्याकडे नव्हतं. त्यांनी दार ढकललं.

"मामा, बघा तरी हात!" भाचा बांधलेली मूठ तळहातावर आपटत होता. "अशी मूठ आजवर वळलीच नव्हती!"

दाढीवाल्यानं विनयानं मान झुकवली. सात विश्वविजेत्यांनी शिकवलेला विनय.

मामांनी हाताकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तिकडे काय दिसलं, मामा?"

"सगळं नियमात आहे."

"बाकी काही?"

"बाप छान बांधतो त्याचा."

हे खरंच होतं. खोटं बोलायला मामांना कधी जमलं नाही.

विजेत्याच्या त्या डाव्या हातानं आजवर नऊ जणांना आडवं केलं होतं. त्यामुळे भाचा बाराही राउंड त्याच्यापासून लांब लांब फिरत राहिला, आणि विजेत्यानं तो हात नुसता दाखवायला पुढे धरला. सहाव्या राउंडला मामांनी खुर्ची पुढे ओढली. नवव्याला ते खुर्चीवर उभे राहून ओरडले, "डावा! अरे, त्याचा डावा!"

भाच्यानं मामांचं ऐकलं. लहानपणापासून ऐकत आलाच होता. डाव्यापासून तो आणखी दोन पावलं लांब सरकला.

एका गुणानं हरला.

निकालानंतर दाढीवाल्याला आपल्या विमानाची आठवण झाली. तिन्ही कात्र्या गेल्या. भाचा खोलीत एकटाच बसला होता, एक डोळा मिटलेला, दोन्ही मुठी मांडीवर.

"मामा, कापा."

मामांनी बॅगेतली आपली कात्री घेतली आणि ते वाकले. मनगटापाशी, निरीक्षकाच्या सहीखालून, लाल दोऱ्याचं टोक बाहेर डोकावत होतं.

"तुम्ही तिकडे गेलात तेव्हा घेतल्या तुमच्या बॅगेतून," भाचा म्हणाला. "त्याला म्हटलं, तुमची कला वरून करा, आतली पट्टी हीच. चिडला जरा. मग म्हणाला, कापड चांगलं आहे."

"मला सांगायचं नाहीस?"

"दाखवत होतो की. तुम्ही बघितलंच नाही."

कात्री कापडातून सावकाश गेली. एक हात मोकळा झाला. कुठं खरचटलं नव्हतं, सूज नव्हती. बाहेर कोणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं.

"त्याचा डावा दुखरा होता," मामा म्हणाले. "बांधतानाच दिसलं मला."

भाच्यानं उघडा डोळा वर केला. "म्हणून ओरडत होतात? मला वाटलं, सांभाळ म्हणताय."

"ओरडलो ते नवव्याला. सांगायचं पहिल्याच्या आधी होतं. दारातून आत आलो, तेव्हाच."

कापलेल्या पट्टीचं टोक भाच्यानं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग दुसरी मूठ मामांच्या पुढे धरली.

"हा राहिलाय."

मामांनी कात्रीचं बोथट टोक पट्टीखाली सरकवलं. या वेळी आधी त्यांनी मुठीकडे नीट पाहिलं, मग कात्री चालवली.