अर्धा चमचा, मग थांबा

मित्रांनो, ताईंच्या टेबलाच्या खालच्या खणात, वाळून गेलेल्या पेनांशेजारी पडलेला जुना चमचा म्हणजे मी. अंगानं चिमुकला आणि उथळ. कारखान्यात माझ्याबरोबर घडलेले मोठे चमचे मला चिडवायचे, "तुझ्यानं कुणाचं पोट भरणार?" मला फार वाईट वाटायचं. पण दुकानात दहा चमचे हाताळून ताईंनी मलाच उचललं.

ताई म्हणजे इस्पितळात बोलणं आणि गिळणं शिकवणाऱ्या बाई. डोक्याला जबर मार बसला, की माणूस कधी कधी साधा घोट गिळायलाही विसरतो. अशा वेळी माझी आठवण व्हायची. ताई मला बर्फाच्या पाण्यात बुडवून ओठांना, जिभेला हलकेच लावायच्या. त्या गारव्यानं सुस्तावलेली जीभ हलायची. काय ऐट होती माझी तेव्हा.

एकदा शिडीवरून पडलेला एक रंगारी आला. नाकात अन्नाची नळी, तोंडातून शब्द नाही. त्याची आई दिवसभर उशाशी. ताईंनी बजावलं होतं, दाट केलेलंच द्यायचं, ताठ बसवून, एका वेळी अर्धाच चमचा, तोही त्या समोर असतानाच. आईचा माझ्यावर भारी राग. "एवढ्याशा चमच्यानं माझ्या लेकाच्या अंगात ताकद कधी यायची?" ती पुटपुटायची. शेवटी एका दुपारी तिनं पिशवीतून घरचा मोठा चमचा काढला आणि त्याला पातळ दूध पाजलं. जोराचा ठसका लागला. दूध छातीत गेलं, ताप चढला, आणि आमचं काम दहा दिवस बंद पडलं. "माझ्याच हातानं केलं हो मी," एवढंच ती म्हणत राहिली.

ताई रागावल्या नाहीत. ताप उतरल्यावर त्यांनी लेकाच्या खाटेशेजारी आईलाच खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि मला हाती घेऊन कुस्करलेलं केळं भराभरा भरवलं. तिसऱ्या घासालाच आईनं हात आडवा धरला.

"अहो, दम तरी घेऊ द्या."

"त्याला हे सांगता येत नाही, आई," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी आईच्या हातात गेलो. अर्धा चमचा, मग थांबा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली का, ते बघा. मग त्याला "आ" म्हणायला लावा. आवाज घरघरला तर तिथंच थांबायचं, मोकळा आला तरच पुढचा घास. पहिल्यांदा त्याचा "आ" म्हणजे नुसती हवा होती. पुढे त्यात थोडा आवाज आला.

तीन आठवड्यांनी ताई म्हणाल्या, "आज वाटी न ठसकता संपली, तर नळी काढायचं डॉक्टरांशी बोलते." आईला आनंद मावेना. त्या भरात तिचा हात पुन्हा घाई करू लागला. "थांब" म्हणावंसं वाटलं, पण चमच्याचं कोण ऐकतं? रंगाऱ्यानं ओठ मिटले. आईकडे पाहिलं.

"आई... दम... घेऊ दे."

मी आईच्या हातून निसटून फरशीवर आपटलो. माझ्या कडेला पोचा आहे, तो तेव्हाचा. खरखरीत कड ओठाला लागेल म्हणून ताईंनी मला खणात ठेवलं. त्या दिवशीची वाटी दुसऱ्या चमच्यानं संपली, आणि दोन दिवसांनी नळी निघाली. ते मला खणातूनच ऐकू आलं.

मित्रांनो, कधी कुणाला भरवायची वेळ आली, तर घास पुढे करण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा. तो अजून गिळत असेल.