ठोकून पाहिलेलं लाकूड

"ऐकलंस? कसा खणखणीत वाजतोय!" ओट्याखालून मिस्त्रींचा आवाज आला. पाठोपाठ हातोडीचा आणखी एक ठोका.

मिस्त्रीणबाईंनी ऐकलं होतं. खणखणीत कसला, ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा तो खांब बद्द वाजला होता. सुताराच्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईला एवढं कळतंच.

घर उतारावर होतं. पुढून बैठं दिसे, पण मागच्या दारातून पाऊल बाहेर टाकलं की जमीन पुरुषभर खाली. तिथे खांब रोवून मिस्त्रींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी लाकडी ओटा बांधला होता. शेजारपाजारचे त्याला ऐटीत डेक म्हणत. मिस्त्रींना तो शब्द मुळीच आवडत नसे. ओटा म्हणजे ओटा. त्यावर लेक रांगली, चालली, अभ्यासाला बसली, रुसली. आता फळ्या पायाखाली दबत होत्या, कठड्याला हात लावला की तो हलत होता, आणि येत्या रविवारी लेक आपल्या नुकत्याच पळायला लागलेल्या मुलाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. फोनवर तिने विचारलं होतं, "आई, ओटा धड आहे ना गं?"

"बाबांना विचारते," असं म्हणून मिस्त्रीणबाईंनी वेळ मारून नेली होती.

मिस्त्री हात झटकत वर आले. "चार फळ्या बदलायच्या, कठडा आवळायचा. झालं काम. खांबांना काही होत नाही."

"सगळाच नवा केला तर?"

"काय?"

"सगळाच नवा..."

"नीट बोल की! हल्ली जो तो तोंडातल्या तोंडात बोलतो."

हे 'हल्ली' सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मिस्त्रींच्या मते टीव्हीवरची माणसं पुटपुटायची, फोन बिघडलेला असायचा, गिऱ्हाइकं कुजबुजायची. साऱ्या जगाचा घसा एकदम बसला होता आणि मिस्त्रींचे कान तेवढे ठणठणीत होते. मिस्त्रीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं. उलट त्यांची सोयच झाली. नवऱ्यावर तोंडसुख घ्यायचं असलं की त्या त्याच्या पाठीमागे उभं राहून मनसोक्त घेत, आणि घरात शांतता नांदे. पण ह्या माणसाचे कान गेले म्हणजे काय गेलं, हे आज त्यांच्या ध्यानात आलं. लोक जुनं घर घेण्याआधी मिस्त्रींना बोलावून न्यायचे. त्यांनी दोन ठोके मारून मान डोलावली की मगच सौदा पक्का व्हायचा.

संध्याकाळी चेला आला. केस पिकले, हाताखाली कारागीर आले, तरी ह्या घरात तो चेलाच. ओट्याखाली वाकून त्याने एक खांब ठोकला, दुसरा ठोकला, आणि तिसऱ्याला हात न लावताच बाहेर आला.

"काय म्हणतोस?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, मिस्त्री," चेला मोठ्याने म्हणाला.

मिस्त्रीणबाईंनी त्याला फाटकाशी गाठलं. "आता खरं सांग."

"काकू, आतून भुसा झालाय. नुसत्या फळ्या बदलून काही उपयोग नाही. सगळा उतरवायला हवा."

"मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"मी? लाकूड ठोकून ऐकायचं कसं, ते त्यांनीच शिकवलं मला. त्यांनाच सांगू, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून?" त्याने मान खाली घातली. "तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा! म्हणायला काय जातंय! त्यांना चेल्याचा राग आला, मग लेकीचा, आणि शेवटी स्वतःचा. इतकी वर्षं हसत बसल्याचा.

मागे येऊन पाहतात तर मिस्त्री ओट्यावर मांडी घालून नव्या फळीवर पेन्सिलीने रेघ मारत होते. त्यांची पाठ दाराकडे होती.

"खांब पोकळ झालेत हो," मिस्त्रीणबाई पाठीमागूनच म्हणाल्या. "आणि तुम्हाला ऐकू येत नाही."

रेघ सरळ पुढे गेली. सांगून तर झालं होतं. तिथूनच स्वयंपाकघरात निघून जावं, असं त्यांना फार वाटलं. पण नातू काही चालत येणारा नव्हता, तो पळत येणार होता. त्या वळसा घालून पुढे आल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि तेच शब्द पुन्हा म्हणाल्या. सावकाश.

मिस्त्री भडकले. "माझे खांब? मी स्वतः ठोकून पाहिलेत!"

"मीही ऐकलंय ना."

"तू कधीपासून सुतार झालीस?"

"नाही झाले. पण माझे कान शाबूत आहेत."

असं बोलायचं नव्हतं त्यांना. तोंडून निघून गेलं. मिस्त्री हातोडी उचलून ओट्याखाली उतरले. त्याही मागोमाग गेल्या.

मिस्त्रींनी पहिला खांब ठोकला. ठोकताना ते लाकडाकडे पाहत नव्हते, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने मान हलवली, नाही. दुसरा. नाही. असे एकेक करत ते कोपऱ्यातल्या खांबाशी आले. ह्याला तरी हो म्हणावं, असं मिस्त्रीणबाईंना वाटत होतं. पण ठोका पडला आणि त्यांचे डोळे भरून आले. मिस्त्रींना तेवढं पुरलं.

"सगळा काढायचा," ते म्हणाले. "चेल्याला सांग, उद्या ये म्हणावं."

सुटलो एकदाचे, असं मिस्त्रीणबाईंना वाटलं. पण मिस्त्री हातोडी घेऊन तसेच उभे होते.

"समोरच्या नर्सताईंचा जिना," ते म्हणाले.

"त्याचं काय?"

"माडीवरून उतरायचा लाकडी जिना. त्या नवा करायला निघाल्या होत्या. मी गेल्याच महिन्यात ठोकून पाहिला आणि म्हटलं, कशाला उगाच? टणक आहे." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"उद्या चेला येईल, तो बघेल."

"रात्रपाळी असते त्यांना. आता निघतील त्या, त्याच जिन्यावरून."

आणि ते फाटकाकडे निघालेसुद्धा. पायात चप्पलही नव्हती. मिस्त्रीणबाई धापा टाकत मागे धावल्या. ते गल्ली ओलांडून जिन्याच्या पायथ्याशी पोचले, तिथल्या बेलचं बटण दाबून त्यांनी क्षणभर वर पाहिलं, आणि मग बायकोकडे वळले.

"वाजली का?"

"वाजली," त्यांच्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या.

वरचं दार उघडलं. नर्सताई खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आल्या, आणि खाली दोघांना पाहून हसल्या. मिस्त्रींनी हात वर केला.

"ताई, तिथंच थांबा," ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "मला ऐकू येत नाही."