हाक ओळखा

तुलसीरामबुवांनी वाकून नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट दाराबाहेर भिंतीला लावून ठेवले. आतून कारकून लगबगीनं आला. हे सरकारी दफ्तर आहे, मंदिर नाही, बूट घालूनच या, असं त्यानं क्रेओलमध्ये समजावलं. बुवांनी मान हलवली, पण बूट काही पायात घातले नाहीत. गीतेवर हात ठेवून बोलायचं आणि पायात चामडं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना.

"बा, लोक बघतायत," यशपाल हलक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत. पाय धुऊन आलोय."

यशपालनं खाली पाहिलं. त्याचे स्वतःचे काळे बूट आरशासारखे चमकत होते. पहाटे कांप दे मास्क गावाहून निघण्याआधी ओसरीवर बसून त्यानं ते घासले होते आणि बसमध्ये धूळ लागू नये म्हणून पाय सीटखाली ओढून धरले होते. पोर्ट लुईतल्या साहेबांपुढं ऊसवाल्याचा मुलगा म्हणून उभं राहायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं.

बुवांना खुर्ची दिली गेली. गीता आली. शपथ घेताना त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला तो उसाच्या वाळक्या पाल्यावरून वारा जावा तसा. पुढं सुनावणीला बसलेल्या साहेबांनी कानामागं हात नेला. दीड वर्षापूर्वी बुवांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. ज्या माणसाचं कीर्तन ऐकायला सांत्र द फ्लाकच्या पलीकडून लोक बस करून येत, त्या माणसाला आता हाक मारून कुत्रंसुद्धा वळवता येत नव्हतं. हा विनोद बुवांचाच. लोक हसत आणि मग खाली बघत.

साल सत्याऐंशी. यशपाल पोर्ट लुईत एका हिशेबाच्या कंपनीत संगणकावर काम करी. दूरच्या ऑफिसातून टेलिफोनच्या तारेवरून कुणी त्या संगणकाचं दार ठोठावलं, तर तो आपलाच माणूस की चोर, हे यंत्रानं ओळखायचं कसं? ठरलेला शब्द ठेवावा, तर कुणीतरी तो चोरून ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी तोच साव बनून येतो. यशपालची युक्ती अशी की यंत्रानं दर वेळी नवा अर्धा तुकडा पुढं करायचा आणि आलेल्यानं उरलेला अर्धा जोडायचा. आजचं उत्तर उद्या कामाचं नाही. या युक्तीवर त्यानं पेटंट घेतलं होतं. अख्ख्या गावात पेटंट हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता.

युक्ती आली कुठून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बुवा कीर्तनात रंगले की ओळ मध्येच सोडून देत. मागं झांज घेऊन बसलेली त्यांची बायको, कुंती, ती ओळ पुरी करी. कोणती ओळ कुठं सोडणार, हे बुवांना स्वतःलाही आधी माहीत नसे. पण कुंती कधी चुकली नाही. बुवांनी मागं वळून कधी पाहिलं नाही. वळायचं कशाला? ती होतीच. लहानगा यशपाल तिच्या मांडीला टेकून हे सगळं ऐकत मोठा झाला.

आणि युक्ती बुडाली तीही कीर्तनातच. गणेश चतुर्थीला मंदिरात बुवांनी उत्तररंगात दृष्टांत घेतला तो लेकाच्या यंत्राचा. यंत्र अर्धं विचारतं, माणूस अर्धं सांगतो, मग दार उघडतं. देवाचंही तसंच, बाबांनो, पाठ केलेली हाक त्याच्या दारी चालत नाही, रोजची नवी लागते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेकाचं कौतुक पोटात राहीना, त्याला बुवा तरी काय करणार? यशपालनं पेटंटचा अर्ज केला तो पुढच्या साली. आणि कायदा असा की अर्जाच्या आधी जी गोष्ट चारचौघांत उघडी झाली, तिच्यावर पेटंट टिकत नाही.

ज्या बड्या कंपनीनं तसंच यंत्र बसवलं होतं आणि यशपालची नोटीस हसण्यावारी नेली होती, तिच्या वकिलानं कुठूनतरी कीर्तनाची गोष्ट हुडकून काढली. यशपालला कळलं त्या संध्याकाळी तो ओरडला नाही. जेवणाच्या ताटावरून उठला फक्त.

"बा, तुम्ही साऱ्या जगाला सांगून टाकलंत."

"जगाला कुठं रे? मंदिरात सांगितलं."

"कायद्याला तेवढं जग पुरतं."

बुवा त्यानंतर बरेच दिवस मंदिराच्या मागल्या बाजूनं जात. पुढून गेलं की कुणीतरी यशपालचं कसं काय चाललंय म्हणून विचारी.

तरी एक फट होती. तोच दृष्टांत बुवांनी पुढंही सांगितला होता. अर्ज झाल्यानंतर, गळा जायच्या आधी, फ्लाकला, पांपलमूसला. कंपनीच्या वकिलाच्या हाती एकच कॅसेट लागली होती. शेजारचा जयराम हौसेनं बुवांची कीर्तनं टेप करी. त्याच्या पोरांनी बाकी सगळ्यांवर सेगाची नाचगाणी भरून टाकली होती, ही एक वाचली. कुणी साहेब गाडीतून आला, बुवांचं कीर्तन ऐकायचंय म्हणाला, तर जयरामनं भक्तिभावानं ती त्याच्या हातात ठेवली, वर चहा पाजला. कॅसेटवरचा कागद झुरळांनी खाल्लेला. कोणत्या सालचं, जयरामला सांगता येईना. गावाला विचारलं, तर गावानं बुवांना सांभाळून घेतलं. बुवा काय, नेहमीच सांगायचे, आम्ही तारखा लावून ऐकतो होय?

तेव्हा उरले बुवा. बसमध्ये यशपालनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं होतं, खोटं बोलू नका, बा. फक्त म्हणा, *मो पा रापेल*. आठवत नाही. यात खोटं काय? माणसाला विसरायला होतं.

बुवांनी मान डोलावली होती. नारदाच्या गादीवर उभं राहून आयुष्यभर खरं बोला म्हणून सांगितलं, आणि आता या वयात. मोकाच्या डोंगरावर ऊन चढत होतं. देवा, त्यांनी मनात म्हटलं, याचं जे काय व्हायचं ते माझ्या नावावर लिही. पोराला यात धरू नको.

कंपनीच्या चष्मेवाल्या वकिलानं टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग पेटी, मग मृदंग, पत्र्यावर सरींचा आवाज, कुणाचं तरी मूल रडतंय. आणि त्या सगळ्यावरून उसळत आलेला एक भरदार आवाज. बुवा खुर्चीत मागं सरकले. हा कोण, असं क्षणभर त्यांना वाटलं. मग हात आपोआप गळ्याशी गेला, ऑपरेशनच्या व्रणावर.

"हा तुमचाच आवाज?" वकिलानं विचारलं.

"होता," बुवा म्हणाले.

टेपवरचे बुवा लेकाचा दृष्टांत सांगून संपवत होते. आता पद येणार. त्यांचंच रचलेलं, वादळात घर उडालेल्या साली सुचलेलं.

*कोण उभे दाराशी, सांगा नाव सांगा…*

ओळ तिथंच सोडली. चिपळ्या थांबल्या. आणि मागून, थोडी दुरून, जराशी नाकातून, ठसक्याची एक हाक आली.

*नाव नेले वाऱ्याने, हाक ओळखा.*

बुवांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट आवळली गेली.

घरात कुंतीचे फोटो होते. तिची झांज होती, खुंटीला तिची ओढणी होती. आवाज कुठंच नव्हता. ती गेल्यावर पहिल्या वर्षी पहाटे डोळे मिटून बुवा तो आठवून बघत; शब्द आठवत, आवाज यायचा नाही. एकदा यशपालनं विचारलं होतं, बा, आईचा आवाज तुम्हाला आठवतो का, मला येत नाही आता. बुवा म्हणाले होते, येतो की, चांगला येतो. मग उठून गाईला चारा घालायला गेले होते.

टेपवर ओळ पुन्हा सुटली, पुन्हा झेलली गेली. त्यात तिचा नेहमीचा छोटा खोकला होता. चतुर्थीच्या त्याच साली ऊसतोड संपता संपता ती गेली, तो याच खोकल्यानं. वर्षश्राद्ध झाल्यावर, तिच्या फोटोपुढं कागद ठेवून, मग यशपालनं अर्ज केला होता.

वकिलानं बटण दाबलं. खोलीत पंख्याची घरघर राहिली.

"हे कीर्तन तुमच्या मुलाच्या अर्जाआधीचं, की नंतरचं?"

बुवांनी मागं वळून पाहिलं नाही. मागं, शेवटच्या रांगेत यशपाल होता, हे त्यांना ठाऊक होतं.

"मो पा रापेल," ते म्हणाले. साहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"नीट आठवून बघा, बुवा. घाई नाही."

"आठवत नाही, साहेब."

खाली मान घालून ते आपल्या अनवाणी पायांकडं बघत राहिले. यशपालच्या वकिलानं समाधानानं कागद जुळवले. कारकून लिहू लागला. तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, त्या टेपवर एक बाई गातेय."

यशपाल उभा होता. त्याचा वकील वळला आणि हातानंच, बस खाली, अशी खूण करू लागला. यशपालनं ती पाहिली नाही.

"गावच्या बायका गातात," साहेब म्हणाले. "मग?"

"ती माझी आई आहे." त्यानं सांगितलं. "मी अर्ज केला तेव्हा ती नव्हती."

कंपनीच्या वकिलानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. जिंकलेल्या माणसाला काय करावं ते कळेना, तसं त्यानं टेपरेकॉर्डर नुसताच थोडा बाजूला सरकवला. साहेबांनी कारकुनाला एक ओळ लिहायला सांगितली आणि ती वाचून दाखवायला लावली. तेवढ्या एका ओळीत सगळं आलं. आता निकालाला काही उरलं नव्हतं.

कारकुनानं कॅसेट काढून खाकी पाकिटात घातली.

"ती आम्हाला मिळेल का?" यशपालनं विचारलं.

"पुराव्यात जमा झालीय," कारकून म्हणाला. मग बुवांच्या पायांकडं पाहून जरा नरमला. "मिळत नाही हो. कपाटात राहते."

"निकालानंतर?"

कारकुनानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

यशपालचा वकील फाईल बांधत होता. तो न थांबता, कुणाला ऐकू जाईल न जाईल असं, एवढी वर्षं फुकट, म्हणाला. यशपाल अजून उभाच होता.

"मग एकदा शेवटपर्यंत लावता?"

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. जेवणाची वेळ होत आली होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीत मागं टेकले. कारकुनानं पाकीट पुन्हा उघडलं.

या वेळी बुवांनी डोळे मिटून घेतले. गुडघ्यावर त्यांची बोटं चिपळ्या नसताना चिपळ्या धरू लागली. पेटी आली, मृदंग आला, सर आली, मूल रडलं. भरदार आवाजानं दारातल्याला नाव विचारलं आणि ओळ सोडून दिली. कुंतीनं ती झेलली. तिच्या आवाजाला लागून, अगदी खालच्या पट्टीत, आणखी कुणीतरी ती म्हणत होतं. ते टेपमधलं नव्हतं.

बुवांनी डोळे उघडले आणि मागं वळून पाहिलं.

यशपाल मान खाली घालून बसला होता. ओठ हलत होते. त्याचे चकचकीत काळे बूट शेजारी नीट जोडून ठेवलेले होते.